वांकेल एंजिन

वांकेल एंजिन : दट्ट्याऐवजी फिरता घूर्णक वापरणारे अंतर्ज्वलन-एंजिन. जर्मन अभियंते फेलिक्स वांकेल (१९०२–८८) यांनी एनएसयू या कंपनीत ते विकसित केले. पहिले प्रायोगिक एंजिन १९५७ मध्ये चालले.

रचना व कार्य : कमरेशी किंचित दबलेल्या लंबवर्तुळासारख्या कवचात फुगीर बाजूंचा त्रिकोणी घूर्णक असतो. तो मुख्य दंडाच्या विमध्य (मध्यापासून सरकलेल्या) भागावर बसविलेला असतो. घूर्णकाचे आतल्या दात्यांचे चक्र कवचाला जोडलेल्या स्थिर दंतचक्राभोवती फिरते. त्यांच्या दात्यांचे प्रमाण ३ : २ असल्याने घूर्णकाच्या एका फेऱ्यात दंडाचे तीन फेरे होतात. घूर्णकाची तिन्ही टोके कवचालगत फिरत असल्याने तीन कप्पे बनतात व त्यांचे घनफळ आळीपाळीने वाढते व घटते. प्रत्येक कप्प्यात मिश्रण आत येणे, दाबले जाणे, ठिणगीने पेटून प्रसरण पावणे व जळालेले वायू बाहेर पडणे या क्रिया क्रमाने घडतात. द्वारे घूर्णकच उघडतो व झाकतो. झडपा लागत नाहीत. परिणामी एंजिनाचे भाग थोडे, कंप कमी आणि वजनाच्या मानाने शक्ती अधिक असते.

या साधेपणाची किंमत टोकांवरील रोधक पट्ट्यांना मोजावी लागते. कवचाची एक बाजू ज्वलनाने सतत तापते, दुसरी ताज्या मिश्रणाने निवते. असमान प्रसरणामुळे पट्ट्यांची पकड सुटून वायू गळतात आणि कवचही झिजते. ज्वलनकक्ष लांबट व चपटा असल्याने उष्णता वाया जाते व थोडे इंधन न जळताच राहते. त्यामुळे एनएसयू (१९६४) आणि जपानी माझ्दा (१९६७) यांनी या एंजिनाच्या मोटारगाड्या विक्रीस आणूनही त्यांचा सार्वत्रिक प्रसार झाला नाही.

भारतातील विकास : जेथे इंधनखर्चापेक्षा वजन महत्त्वाचे, तेथे मात्र हे एंजिन उपयुक्त ठरते. ‘निशांत’ या वैमानिकरहित टेहळणी विमानासाठी बंगळूरची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा व वैमानिकी विकास संस्था आणि अहमदनगरची (२०२४ पासून अहिल्यानगर) वाहन संशोधन व विकास संस्था यांनी ५५ अश्वशक्तीचे, सु. ३० किग्रॅ. वजनाचे एंजिन तयार केले. झीज रोखण्यासाठी कवचाला निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा संमिश्र लेप दिला होता. प्रज्वलन व इंधनपुरवठा यंत्रणा अहमदनगरला विकसित झाल्या. ५ एप्रिल २००९ रोजी कोलारनजीक या एंजिनावर निशांतने सु. १.८ किमी. उंची गाठून ४० मिनिटे उड्डाण केले. भारतीय चक्रीय एंजिनावरील वैमानिकरहित विमानाचे ते पहिले उड्डाण होय.