समलिंगी प्रेमाची कादंबरी आणि आपली फूटपट्टी

गेल्या वर्षी जामखेडला माझ्या वर्गातला एक विद्यार्थी तास संपल्यावर मागे थांबला. हातातल्या कादंबरीला त्याने वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते. म्हणाला, “सर, मला ही आवडली. पण चांगली आहे की नाही, ते कसं ठरवायचं?” कादंबरी होती सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’. मी घरातला पहिला पदवीधर. बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) मीही असेच कव्हर घालून वाचले होते. जात चोरावी लागणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला प्रेम चोरावे लागणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तरीही प्रश्न मूल्यमापनाचा आहे. दलित साहित्याला प्रस्थापितांनी तीन फूटपट्ट्या लावल्या: हे अश्लील आहे, हे प्रचारकी आहे, हे एकसुरी दुःख आहे. आज समलिंगी प्रेमाच्या कादंबरीला त्याच फूटपट्ट्या लावल्या जातात आणि खेदाची गोष्ट अशी, की कधी कधी त्या आपल्याच हातात असतात.

अश्लीलतेबाबत आपली परंपरा स्पष्ट आहे. 1934 साली र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हा त्यांचा गुन्हा होता. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला; पण अशा प्रश्नांची उघड चर्चा होऊ द्यावी, ही बाबासाहेबांची भूमिका उरली. तिचे वारसदार म्हणवणाऱ्यांनी पुस्तक झाकून ठेवू नये.

आता प्रकारांकडे वळू. प्रत्येक प्रकार वाचकाला वेगळे वचन देतो. ते पाळले का, हे आधी पाहावे.

‘कोबाल्ट ब्ल्यू’ (2006) ही कौटुंबिक, अंतर्मुख प्रेमकथा. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात भाडेकरू येतो. भाऊ आणि बहीण दोघेही त्याच्यावर प्रेम करतात आणि तो निघून जातो. विरह दोन आवाजांत सांगणे हे तिचे वचन, आणि ते ती पाळते. पण आपण आणखी एक प्रश्न विचारू : हे प्रेम ज्या खोलीत फुलते, ती खोली कोणाकडे असते? एका खोलीत सहा माणसे झोपतात त्या वस्तीतल्या मुलाने प्रेम कुठे करावे? या प्रश्नाने कादंबरी खोटी ठरत नाही, तिची मर्यादा मात्र कळते.

बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ दुसऱ्या जातीची. खिरे यांनी 2002 साली पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ उभा केला. ही कादंबरी वयात येताना स्वतःला ओळखत जाणाऱ्या मुलाची आहे आणि तिला वाचकाला माहिती द्यायची आहे. तिला प्रचारकी म्हणून निकालात काढणे म्हणजे आपल्यावरच्या अन्यायाची री ओढणे. प्रबोधन हा दोष नव्हे. प्रबोधनात माणूस हरवला तर तो दोष.

ग्रामीण कादंबरीत राजन गवस यांची ‘भंडारभोग’ (1988) जोगत्याचे जगणे मांडते. ती प्रेमकादंबरी नव्हे. पण येथे सावध राहावे. देवीच्या नावाने लादलेले लुगडे आणि स्वतःच्या ओढीने नेसलेले लुगडे एक नाही. जोगत्याला सरसकट ‘क्विअर’ नायक ठरवले, तर प्रथेचे शोषण नजरेआड होते.

राहिला सुखान्त. ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ 1913-14 मध्ये लिहिली. शेवट सुखाचाच हवा, हा त्यांचा आग्रह. नायकाचा जोडीदार जमीनदाराच्या रानाचा राखणदार. इंग्लंडात असे प्रेम तेव्हा गुन्हा होते, म्हणून ती त्यांच्या मृत्यूनंतर 1971 साली प्रसिद्ध झाली. सुखान्त म्हणजे स्वस्त रंजन, असे आपण सहज म्हणतो. आमच्या तालुक्यातल्या खर्ड्यात 28 एप्रिल 2014 रोजी सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला; वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी त्याचे प्रेम असल्याचा संशय होता. 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. जिथे प्रेमाचा शेवट असा होतो, तिथे दोघे जगली, एकत्र राहिली, एवढे लिहिणेही विद्रोह ठरते. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम 377 मधून मुक्त केले. 17 ऑक्टोबर 2023 रोजी विवाहाचा हक्क मात्र नाकारला. म्हणून सुखान्त आहे की नाही, यापेक्षा तो कमावलेला आहे का, हे विचारावे. घरच्यांचा विरोध, जात, भाकरी या अडचणी लेखकाने खरोखर ओलांडल्या, की गाळून टाकल्या?

वेदना जितकी अधिक तितकी कादंबरी मोठी, हा हिशेबही सोडून द्यावा. आपल्याकडूनही समीक्षकांनी फक्त जखमाच मागितल्या होत्या.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, की आवडली हे आधी निर्भयपणे म्हण. मग त्या खोलीचे भाडे कोण भरतो ते शोध. आठवड्याने त्याने चार पानांचे टिपण आणून दिले. त्यावर नाव घातले नव्हते. नाव घालायला भीती वाटणार नाही असा वर्ग घडवणे, हे काम त्याचे नाही. आपले, शिक्षकांचे आहे.