ड्रमशिवायचा जॅझ

परवा दोन गिटार आणि एक व्हायोलिन घेऊन बसलो आणि तासभर फक्त ‘मायनर स्विंग’ ही एकच धून वाजवली. सध्या मी जिप्सी जॅझ शिकतोय, आणि पार वेडावलोय!

ही शैली बहरली पॅरिसमध्ये. १९३४ साली गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांचं पंचक उभं राहिलं: तीन गिटार, व्हायोलिन, डबल बास. ड्रम नाहीतच.

मग ठेका कोण धरणार? गिटार. या ऱ्हिदमला ‘ला पोंप’ म्हणतात. पहिल्या आणि तिसऱ्या बीटला जाड तारांवर हलका स्ट्रोक, दुसऱ्या आणि चौथ्याला सगळ्या तारांवर कोरडा, तुटक. स्ट्रोक पडला की डाव्या हाताची बोटं तारांवरून उचलायची नाहीत, नुसती सैल सोडायची. आवाज तिथेच तुटतो. सगळा स्विंग त्या सैल सोडण्यात आहे.

१९२८ साली लागलेल्या एका आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. त्याचे सोलो मुख्यतः उरलेल्या दोन बोटांचे आहेत. नक्की ऐका.

इतरांबरोबर वाजवायचं असेल तर सोलोच्या आधी पोंप पक्का करा. जॅममध्ये बहुतेक वेळ आपण साथच करतो. दोन गिटार असतील तर दोन्हींचा आवाज एकाच क्षणी तुटायला हवा. व्हायोलिन सोलोवर आलं की आपण आवाज कमी करायचा. मेट्रोनोम दुसऱ्या-चौथ्या बीटवर ऐकत सराव करा, फरक लगेच जाणवतो.

ए मायनर, डी मायनर, ई सेव्हन हे कॉर्ड येतात? मग ‘मायनर स्विंग’ आजच सुरू करता येईल. कुठे अडलं तर बिनधास्त विचारा.