खडी होता होता वाचलेले दगड

दरवर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या टुसॉन गावी दगडांची जत्रा भरते. १९५५ साली काही हौशी मंडळींनी एका प्राथमिक शाळेत मांडलेल्या प्रदर्शनाचा पसारा आता गावभर झाला आहे. त्या दिवसांत हॉटेलांच्या खोल्यांची दुकानं होतात, पलंगांवर आणि खिडक्यांच्या कट्ट्यांवर खनिजं मांडली जातात. ब्राझीलचा जांभळा ॲमेथिस्ट, मोरोक्कोचा लालभडक व्हॅनाडिनाइट, पाकिस्तानातला निळसर ॲक्वामरीन, चीनचं फ्लुओराइट. आणि त्यांच्या शेजारी जळगाव, नाशिक, पुणे अशा चिठ्ठ्या लावलेले पांढरे, पीच रंगाचे, हिरवे, निळे स्फटिक. खनिजांचा नाद असलेल्या जगातल्या बहुतेक माणसांना ही तीन नावं ठाऊक असतात. जळगावची केळी आणि नाशिकची द्राक्षं त्यांनी ऐकलेली असतीलच असं नाही.

गंमत अशी की या स्फटिकांसाठी आपल्याकडे सहसा कोणी खाण काढत नाही. ब्राझीलच्या दक्षिण भागात ॲमेथिस्टसाठी डोंगरात बोगदे खणतात. महाराष्ट्रात सुरुंग लागतो तो खडीसाठी, विहिरीसाठी, रस्त्यासाठी. खडीचा हिशेब ब्रासवर चालतो आणि त्या हिशेबात स्फटिकांनी भरलेली पोकळी म्हणजे निव्वळ तोटा, कारण तेवढ्या जागेत दगडच नसतो. जगभरच्या काचेच्या कपाटांत बसलेला आपला माल म्हणजे क्रशरच्या तोंडातून निसटलेला माल. त्यामुळे खाजगी संग्रहांत महाराष्ट्राचे नमुने कोणत्या काळात आले हे पाहिलं, की त्या काळात इथे काय बांधलं जात होतं याचाही पत्ता लागतो.

आधी हे स्फटिक आले कुठून ते सांगायला हवं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हाचे थरावर थर पसरले. आज उरलेलं त्यांचं क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि लाव्हा थिजल्यावर तिथे पोकळ्या राहिल्या. काही वाटाण्याएवढ्या, तर काही माणूस रांगत आत शिरेल एवढ्या. पुढे खडकातून झिरपणारं ऊन पाणी विरघळलेलं सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम या पोकळ्यांत आणून सोडत राहिलं. हे एकदाच घडलं नाही, टप्प्याटप्प्यानं घडलं, आणि काही ठिकाणी तर लाव्हा थंड झाल्यावर कोट्यवधी वर्षांनी. म्हणून एकाच पोकळीत आधी क्वार्ट्झचं अस्तर, त्यावर ह्यूलॅन्डाइट, त्यावर स्टिल्बाइटच्या मधोमध आवळलेल्या पेंढ्या आणि सगळ्यांच्या वर अपोफिलाइटचा एखादा पारदर्शक मनोरा अशी चढती बैठक दिसते. यातली बरीच खनिजं झिओलाइट गटातली. त्यांच्या जाळीदार रचनेत पाणी असतं, तापवलं की ते बाहेर पडतं. स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी १७५६ साली दगड तापवताना हीच वाफ पाहिली आणि या गटाला नाव दिलं. अपोफिलाइट काटेकोर अर्थानं झिओलाइट नव्हे, पण बाजारात ही शिस्त कोणी पाळत नाही.

पहिला मोठा लोंढा आला तो आगगाडीबरोबर. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याआधी कित्येक वर्षं हजारो मजूर तिथे कातळ फोडत होते. ताज्या फुटलेल्या कड्यात चकाकणाऱ्या पोकळ्या उघड्या पडत आणि इंग्रज अंमलदारांना व अभियंत्यांना खनिजं जमवण्याची आवड असे. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय संग्रहांत ‘पूना’ असं गाव लिहिलेले अपोफिलाइट आणि स्कोलेसाइट आढळतात. एका खनिजाला तर ‘पूनालाइट’ आणि दुसऱ्याला सह्याद्रीवरून ‘सायहेड्राइट’ अशी नावंही मिळाली होती. ती नवी खनिजं नव्हेत हे लक्षात आल्यावर दोन्ही नावं बाद झाली. कातळ फोडणाऱ्यांची नावं मात्र कोणत्याच चिठ्ठीवर चढली नाहीत.

मग मुंबईची पाळी. शहराला दगड पुरवणाऱ्या उपनगरांतल्या खाणींपैकी कांदिवलीची खाण संग्राहकांमध्ये फार गाजली. हिरवट प्रेहनाइट, काळा बॅबिंग्टोनाइट, गायरोलाइटच्या गोळ्या आणि युगावारालाइटसारखी दुर्मीळ चीज तिथून निघाली. ज्या इमारतींसाठी खाणी चालल्या त्याच इमारती पुढे खाणींच्या अंगावर आल्या. आता जुना कांदिवलीचा नमुना म्हटला की विक्रेता भाव वाढवतो.

वाघोलीबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. कॅव्हन्साइट हे गडद निळं खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, ओवायही धरणाच्या भागात. त्याचं शास्त्रीय वर्णन १९७३ साली प्रसिद्ध झालं. पण तिथले स्फटिक बारीक, तज्ज्ञांनी भिंगाखाली पाहावेत असे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या खाणींतून पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले कॅव्हन्साइटचे गोल झुपके बाजारात येऊ लागले आणि संग्राहक वेडे झाले. सेंटिमीटरभर व्यासाचा, क्वचित त्याहून मोठा गोळा, रंग असा की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो शाईत बुडवलाय असंच वाटावं. रंग व्हॅनेडियमचा. लाव्हाच्या चुराड्यानं भरलेल्या थरात हे खनिज मिळतं, सरसकट नाही. त्याचंच भावंड पेंटागोनाइट. रासायनिक घटक तेच, घडण वेगळी. तेही इथे निघालं. पुणे पूर्वेकडे फुगत होतं, काँक्रीटला खडी हवी होती, म्हणून वाघोलीच्या खाणी खोल गेल्या, आणि खोल गेल्या म्हणून हा थर हाती लागला. जगातले उत्तम कॅव्हन्साइट कुठले, या प्रश्नाचं उत्तर आजही वाघोली हेच आहे. पण रोज तिथून जाणाऱ्या किती जणांना ते सांगता येईल?

विहिरींची गोष्ट निराळी. तिथे नशिबाचा भाग अधिक. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यात २००१च्या सुमारास एका विहिरीच्या खोदाईत हिरव्या अपोफिलाइटची पोकळी लागली. स्फटिक एकमेकांत गुंतून असे गोल झालेले की परदेशी लोकांनी त्यांना नाचघरातल्या आरशांच्या गोळ्याचं नाव दिलं. तो हिरवा रंगही व्हॅनेडियमच्या अंशाचाच. केळीच्या व्यापाराचं सावदा, नाशिकजवळचा पांडवलेण्यांचा परिसर, सिन्नरजवळच्या महोदरीचं पिवळं फ्लुओराइट, वेरूळ-अजिंठ्याच्या आसपासची गावं, अशी ही यादी वाढतच जाते. रॉक करिअर या अमेरिकी व्यापाऱ्यानं १९७६ साली ‘मिनरलॉजिकल रेकॉर्ड’ या नियतकालिकात आपल्याकडचे नमुने कसे निघतात यावर लेख लिहिला आणि बेर्टोल्ड ओटेन्स या जर्मन अभ्यासकाचा दख्खनच्या खनिजांवरचा मोठा लेख २००३ साली तिथेच आला. ज्याला हा विषय मुळातून समजून घ्यायचा आहे त्याला अजूनही या परदेशी पानांकडेच वळावं लागतं. मराठीत एवढ्या बारकाईनं कोणी लिहू नये, याचा मला राग येतो.

दगडाबरोबर येणारी चिठ्ठी हा संग्राहकांच्या लेखी दगडाइतकाच मोठा ऐवज. खाण कोणती, गाव कोणतं, साल कोणतं. ही माहिती गेली की उरतं ते दिवाणखान्यातलं शोभेचं भांडं. ही दृष्टी आपल्याला परकी नाही. देवघरातलं पंचायतन पाहा: शाळिग्राम गंडकीचाच, बाण नर्मदेचाच, गणपतीचा तांबडा शोणभद्र शोण नदीचा, देवीचा पाषाण सुवर्णमुखीचा. दुसऱ्या नदीचा तसाच दिसणारा गोटा चालत नाही. व्यापारात मात्र गावं लपवण्यातच फायदा असतो. चांगली जागा सांगितली तर उद्या दुसरा खरेदीदार तिथे हजर होईल. म्हणून ‘जळगाव’ हे कित्येक चिठ्ठ्यांवरचं गाव नसून सोय असते. मजुराकडून मुकादमाकडे, तिथून गावातल्या खरेदीदाराकडे आणि मग निर्यातदाराकडे, अशा प्रवासात मूळ खाणीचं नाव दुसऱ्याच हाताला गळून पडतं.

खाजगी छंदानं शास्त्राला काय दिलं, याचे दाखले युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत. व्हिएन्नातल्या फान डेर न्यूल या सावकाराचा संग्रह लावून देण्यासाठी १८०२च्या सुमारास फ्रीड्रिख मोस यांना बोलावलं गेलं. खनिजांची वर्गवारी डोळ्यांना दिसणाऱ्या आणि हातानं तपासता येणाऱ्या गुणांवरून करायची त्यांची पद्धत तिथे आकाराला आली आणि पुढे त्यांच्या नावाची कठीणतेची मोजपट्टी शाळेच्या पुस्तकांत गेली. कवी गटे यांच्या घरी सुमारे अठरा हजार खडक आणि खनिजं होती. ब्रुकलिनचा झुलता पूल उभारणारे वॉशिंग्टन रोब्लिंग यांना आपल्या काळातल्या प्रत्येक ज्ञात खनिजाचा एक तरी नमुना घरात हवा होता. त्यांच्या मृत्यूनंतर ते सुमारे सोळा हजार नमुने स्मिथसोनियन संस्थेकडे गेले. एरिका पोल-श्ट्रोयर या बाईंनी आयुष्यभर जमवलेल्या खनिजांसाठी जर्मनीतल्या फ्रायबर्ग गावानं आपला किल्ला सजवला आणि २००८ साली लोकांना खुला केला. संग्रहालयं भरतात ती अशा एखाद्या माणसाच्या हट्टापायी. सरकारी खरेदीनं नव्हे.

आपल्याकडे सिन्नरचं गारगोटी संग्रहालय हे त्याच वाटेवरचं काम. नौदलातून आलेल्या कृष्णचंद्र पांडे यांच्या खाजगी छंदातून ते २००१ साली उभं राहिलं. शिर्डीला जाणाऱ्या गाड्यांनी अर्धा तास तिथे थांबायला हरकत नाही. आइसलंडमध्ये टेइगारहॉर्न इथली झिओलाइटची जागा सरकारनं संरक्षित केली आहे, दगड उचलायला बंदी आहे. आपल्याकडेही तसं करावं, असं कोणीतरी अधूनमधून सुचवतं. मला ते अर्धवट पटतं. तिथे समुद्र कडा खातो आणि स्फटिक उघडे पडतात. इथे सुरुंग थांबला तर पोकळ्या कातळातच राहतील. खरी गरज आहे ती पोकळी लागल्यावर तासभर यंत्र थांबवण्याची आणि कोणीतरी वहीत नोंद करण्याची.

घरी ठेवायचं म्हटलं तर या दगडांचे नखरे पुष्कळ. ओकेनाइटचा पांढरा गोळा कापसासारखा दिसतो म्हणून प्रत्येक पाहुणा बोट लावतो. एकदा ते केस दबले की पुन्हा उठत नाहीत, धुवायचं तर नावच काढू नये. लोमोन्टाइट कोरड्या हवेत आपल्यातलं पाणी सोडतो आणि काही काळानं कपाटात त्याचा पांढरा चुरा सापडतो. ॲमेथिस्ट उन्हात फिका पडतो. अपोफिलाइट दिसायला दणकट, पण आडवा पटकन दुभंगतो.

बनावटीबद्दलही सांगायला हवं. गुलाबी किंवा निळा ओकेनाइट दिसला की तो रंगवलेला समजावा. कॅव्हन्साइटचा सुटा गोळा दुसऱ्याच स्टिल्बाइटवर चिकटवून विकतात. अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली पुष्कळदा तो गोंद चमकतो आणि बिंग फुटतं. अपोफिलाइटचे मनोरे ‘ऊर्जा देतात’ म्हणून खपतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. निदान त्या निमित्तानं ते क्रशरमधून वाचतात.

अजिंठ्याला गेलात तर लेण्यांच्या वाटेवरचे विक्रेते स्फटिक पुढे करतील. घासाघीस होईलच. दगड आवडला तर कुठला आहे ते विचारा. तो जळगाव म्हणेल. तालुका विचारा. मग खाणीतला की विहिरीतला ते विचारा. सांगितलं तर त्याच दिवशी कागदावर उतरवा, खरेदीची तारीख घाला, आणि दगडाच्या तळाशी पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईनं आकडा लिहा. तोच आकडा कागदावरही असू द्या. ठिपक्यासाठी नेलपॉलिशही चालतं, फक्त ते स्फटिकांवर ओघळू देऊ नका.