लोकरी मावा कुणी आवरला?

जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या उसावर एक नवी कीड दिसली. पानाच्या खालच्या अंगाला, मध्यशिरेला लागून पांढऱ्या लोकरीचे थर. त्यांतून पाझरणारा चिकट गोड द्रव खालच्या पानांवर पडायचा, त्यावर काळी बुरशी चढायची आणि हिरवागार फड काळवंडून जायचा. हा लोकरी मावा, शास्त्रीय नाव सेराटोव्हॅक्युना लॅनिजेरा. तोवर आपल्या देशात तो पश्चिम बंगाल आणि ईशान्येकडेच माहीत होता. सांगलीतून तो कोल्हापूर, सातारा, पुणे आणि बेळगावकडे पसरला. कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठाला ऊस इतका सलग आहे की, या किडीला वाटेत अडसर असा नव्हताच.

पहिला उपाय अर्थातच फवारणीचा. पण सात-आठ महिन्यांच्या उसात पंप घेऊन शिरायचं कसं? ऊस डोक्यावर गेलेला, पानं एकमेकांत गुंतलेली, अंगाला कुसं टोचतात. कीड पानाच्या खाली आणि तिच्या अंगावर मेणाचं आवरण, त्यामुळे द्रावण नीट बसत नाही. शिवाय माव्याच्या मादीला नराची गरज लागत नाही. ती थेट पिल्लांना जन्म देते आणि ती पिल्लंही मादीच असतात. फवारणीतून वाचलेल्या थोड्या माव्यांपासून पुन्हा थर जमायला फार दिवस लागत नाहीत.

याच काळात कीटकशास्त्रज्ञ पानं उलटून पाहत होते, तेव्हा लोकरीत आणखी काही जीव सापडले. विरळ रेशमी जाळीखाली दडून मावा खाणारी एक अळी होती, तिचं नाव डिफा ॲफिडिव्होरा. पतंगवर्गातल्या बहुतेक अळ्या पाला खातात. ही मात्र मांसाहारी. ती जिथून पुढे सरकते तिथे माव्याच्या रिकाम्या कातड्या आणि मेणाचा चुरा उरतो. दुसरा मायक्रोमस इगोरोटस, तपकिरी, जाळीदार पंखांचा इवलासा कीटक. त्याची अळीही मावा खाते आणि प्रौढही. त्यांच्या जोडीला सिरफिड माशीच्या अळ्या आणि ढालकिडे होते. पुढे एन्कार्सिया ही माव्याच्या शरीरातच वाढणारी सूक्ष्म गांधीलमाशी ईशान्येतून आणून सोडण्यात आली.

मग सल्ला बदलला. ज्या फडात डिफा किंवा मायक्रोमस दिसतील तिथे कीटकनाशक मारू नका. त्या फडातली मित्रकीटक असलेली पानं कापून, ते जिथे नाहीत अशा उसात नेऊन बांधा. एका शिवारातला मित्रकीटक दुसऱ्या शिवारात पोचू लागला. पुढच्या काही हंगामांत माव्याचा जोर ओसरला. कीड आजही अधूनमधून दिसते, पण तिचे शत्रू आता इथेच मुक्कामाला आहेत.

यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. मित्रकीटक किडीच्या मागून येतात, कारण कीड हेच त्यांचं अन्न. सुरुवातीचे काही आठवडे किडीचेच असतात आणि नेमका तेव्हाच शेतकऱ्याचा धीर सुटतो. सरसकट मारणाऱ्या औषधाने कीड आणि तिचे शत्रू दोन्ही मरतात. पण वाचलेल्या किडीसमोर सगळं पीक अन्न म्हणून उभं असतं. शत्रूला मात्र किडीची संख्या वाढेपर्यंत उपाशी राहावं लागतं. म्हणून फवारणीनंतर कीड आधी सावरते, तिचा शत्रू नंतर. एका फवारणीतून दुसरी फवारणी जन्माला येते ती अशी.

कॅलिफोर्नियात १९५४ च्या सुमारास लसूणघासावर नवा मावा आला, तेव्हा हेच घडलं होतं. त्या अनुभवातून स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चौघांनी १९५९ मध्ये एकात्मिक कीड नियंत्रणाची मांडणी केली. तिचा गाभा असा : कीड दिसली म्हणून औषध मारू नये, होणारं नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा जास्त होण्याची चिन्हं दिसली, तरच मारावं. त्यासाठी आधी कीड मोजावी लागते, आणि तिचे शत्रूही.

उसातल्या इतर किडींनाही हे लागू पडतं. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड असतं. त्यावर तांदळातल्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा वाढत असतो. मिलिमीटरभरही नसलेला हा कीटक बाहेर पडतो आणि खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालतो. अळी जन्मण्याआधीच संपते. कार्ड पानाच्या खाली टाचायचं आणि त्यानंतर काही दिवस फवारणी टाळायची. आडसाली लागणीत चवळी टोकली की तिच्यावरचा मावा उसाला लागत नाही, पण त्यावर ढालकिडे पोसले जातात.

मुळं कुरतडणाऱ्या हुमणीचं दुखणं जमिनीखाली. तिच्यासाठी वर्षानुवर्षं फोरेटचे दाणे मातीत गेले. हे अतिविषारी औषध देशात २०२० अखेर बंद झालं. हुमणीचा कच्चा दुवा वळवाच्या पावसात उघडा पडतो. त्या संध्याकाळी तिचे प्रौढ भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब आणि बाभळीवर गोळा होतात. फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. एक मादी कमी झाली की पन्नास-साठ अंडी कमी. पण एकट्याने आपल्या बांधावरचे वेचून भागत नाही, कारण शेजारच्या झाडावरचे उडून येतातच.

इथेच कराड-सांगलीच्या पट्ट्याचं बळ आहे. सहकारी साखर कारखान्यांकडे प्रत्येक गटाची ऊसनोंद आहे, चिटबॉय लागणीच्या नोंदीसाठी बांधापर्यंत जातोच. त्याच वहीत कीड किती आणि मित्रकीटक किती, असे दोन रकाने वाढवावेत. त्याला पान उलटून डिफा ओळखायला शिकवावं. वळीव पडला की गावोगाव भुंगेरे वेचण्याचा निरोप गट कचेरीतून जावा. तोडीचा कार्यक्रम हजारो शेतकऱ्यांना एका वेळापत्रकात बांधू शकतो, तर कीड नियंत्रणही बांधू शकेल. लोकरी माव्याने शिकवलेला धडा वाया जाऊ नये, एवढी जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे.