डेंग्यू : बोट गटाराकडे, पाठ पिंपाकडे

पावसाळ्यात गल्लीत कुणाला डेंग्यू निघाला, की पहिली तक्रार नगरपालिकेकडे जाते ती तुंबलेल्या गटाराची. गटार साफ व्हायलाच हवं, त्यात वाद नाही. पण डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास सहसा गटारात वाढत नाही. त्या घाण पाण्यातला डास बहुधा क्युलेक्स असतो, रात्री कानाशी गुणगुणणारा. एडिसच्या मादीला अंडी घालायला लागतं ते साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी, आणि ते घरातच असतं. फ्रीजमागचा ट्रे, कूलर, कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचं जुनं टायर आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाण्याचं पिंप.

मराठवाड्यात अनेक ठिकाणी नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. तिथल्या बाईला ‘पाणी साठवू नका’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. साठवा, पण घट्ट झाका. झाकण नसेल तर दुहेरी कापड ताणून बांधा आणि आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून आतून घासा. नुसतं ओतून भागत नाही. मादी अंडी चिकटवते ती पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, ओलसर भिंतीला. पेनाच्या टोकाने टिंबं द्यावीत तशी ती दिसतात. पाणी गेलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून भांडी रिकामी करून घासायचा हा ‘कोरडा दिवस’ दर आठवड्याला पाळायचा.

आरोग्यसेवक पिंपात बॅटरीचा झोत टाकतो तेव्हा जरा त्याच्या शेजारी उभं राहून बघा. पृष्ठभागाशी डोकं खाली करून लोंबकळणाऱ्या अळ्या पाणी हललं की वळवळत तळाला जातात आणि श्वासासाठी थोड्या वेळाने पुन्हा वर येतात. घाईत डोकावणाऱ्याला पाणी नितळच दिसतं. जो हौद रिकामा करता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडावेत. आरोग्य केंद्रात विचारलं तर ते कुठे मिळतील हे समजतं.

धूर मारला की डेंग्यू आटोक्यात येतो, ही समजूतही अशीच घट्ट बसलेली. धुराने मरतात ते उडणारे डास, तेही धूर पोहोचेल तिथले. एडिस तर पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांच्या आड बसलेला असतो आणि धुराची गाडी आली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो. पाण्यातल्या अळ्यांना तर काहीच होत नाही. साथ भडकली असताना धुराचा थोडा उपयोग होतो, पण पिंप घासायचं काम त्याने टळत नाही.

हा डास चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधी. दुपारी झोपलेल्या बाळालाही मच्छरदाणी हवी आणि तापाने पडलेल्या माणसालाही. डेंग्यू शिवल्याने किंवा उष्ट्याने होत नाही. रुग्णाचं ताट-पेला वेगळा ठेवून काही साधत नाही. मात्र तापाच्या दिवसांत त्याला चावलेला डास पुढे घरातल्या इतरांना डेंग्यू देऊ शकतो.

आता सर्वांत घातक गैरसमज : ताप उतरला म्हणजे सुटलो. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच सुरू होतो, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. पुढचे एक-दोन दिवस काही रुग्णांत रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपतो, रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळतो. पोटात जोराचं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं किंवा अकारण चिडचिडं होणं, यातलं एकही लक्षण दिसलं तर रात्र उलटू न देता दवाखाना गाठावा. ‘ताप नाही, सकाळी बघू’ म्हणण्यात हातचा वेळ जातो.

घरातल्यांचं सगळं लक्ष मात्र प्लेटलेटच्या आकड्यावर. ‘पेशी किती?’ हाच प्रश्न. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या पुष्कळांच्या कमी होतात आणि बहुतेकांच्या आपोआप वाढतात. रक्तस्राव नसेल तर केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवायची सहसा गरज नसते. साधारण दहा हजारांच्या खाली गेल्यावर डॉक्टर तसा विचार करतात. त्याहून मोलाचं असतं ते हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट झालंय याचं माप, आणि वेळेवर, मोजून दिलेला द्रव. पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध यांनी जीव वाचतो याला ठोस पुरावा नाही. मळमळणाऱ्या माणसाला बळेच कडू रस पाजला की उलट्या वाढतात. त्यापेक्षा पेज, ताक, शहाळं, ओआरएस घोट-घोट पाजा.

अंग मोडून येतं म्हणून ‘एक इंजेक्शन मारा’ असा आग्रह धरू नये. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच.

तपासणीचंही वेळापत्रक आहे. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ आणि त्यानंतर आयजीएम. आयजीएमचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करते आणि ते देशभरातल्या सरकारी केंद्रांना जातात. एक रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला म्हणून डेंग्यू नाहीच, असं धरू नये.

आणि ‘एकदा झाला, आता पुन्हा नाही’ हेही खरं नाही. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराने आजारी पडल्यावर मिळणारं कायमचं संरक्षण त्याच प्रकारापुरतं. दुसऱ्या खेपेला वेगळा प्रकार गाठ पडला तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणून तापात दवाखान्यात गेल्यावर आधी डेंग्यू कधी झाला होता हे न विचारताच सांगा आणि जुना रिपोर्ट असेल तर सोबत न्या.