गोळीचा मध्य किती मधोमध?

तीर्थपुरीकडं विहिरीवरची मोटार थरथरली, की मिस्त्री आधी शाफ्ट सरळ आहे का ते बघतो. रायफलच्या गोळीचंही तेच! .22 ची गोळी 16 इंचांत एक फेरा घेते, म्हणजे सेकंदाला साधारण 800. तिचा वस्तुमानमध्य अक्षापासून फक्त 0.01 मिमी सरकला, तर नळीबाहेर पडताच ती बाजूला फेकली जाते. 50 मीटरवर चूक जवळपास 8 मिमी. आणि दहाचं वर्तुळ 10.4 मिमी रुंद! .22 चं ज्वालाग्राही मिश्रण काडतुसाच्या कडेत असतं, त्यामुळे ते घरी पुन्हा भरता येत नाही. मग नेमबाज रायफल व्हाइसमध्ये पकडून वेगवेगळे लॉट तपासतात. स्वप्नील कुसाळेचं 2024 चं ऑलिंपिक कांस्य याच 50 मीटर प्रकारातलं. लक्षात ठेवा: एक गोळी नव्हे, सगळ्या छिद्रांचा पसारा मोजायचा.