फवारणीचे विष आणि न पुसला जाणारा निरोप

खरिपाच्या फवारण्यांनी जोर धरला की विषबाधेच्या बातम्या येतात आणि सोबत हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा सांगणारी चौकटही छापली जाते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पोहोचले, तेव्हाही चर्चा निष्काळजीपणाभोवतीच फिरत राहिली. हा रोख चुकीचा आहे. फवारणाऱ्याच्या शरीरात काय बिघडते हे पाहायचे तर चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात तिथपर्यंत जावे लागते, आणि तिथे गेल्यावर उपायही वेगळा दिसू लागतो.

मनमाडच्या बाजारात नांदगाव, येवला, चांदवडकडचा शेतकरी कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी, मक्यावरच्या लष्करी अळीसाठी औषध घ्यायला येतो. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर नेहमी दिसणाऱ्या बाटल्या पाहिल्या तर चेतासंस्थेचा अख्खा धडाच तिथे ओळीने मांडलेला असतो. लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन चेतातंतूवरची सोडियमची दारे उघडी धरते, त्यामुळे विजेची लहर थांबत नाही. इमिडाक्लोप्रिड पलीकडच्या पेशीच्या ग्राहीवर जाऊन बसते आणि न आलेला निरोप आल्याचा भास निर्माण करते. फिप्रोनिल ‘शांत हो’ सांगणाऱ्या गाबा या रसायनाची वाट अडवते. इमामेक्टिनचा मुख्य नेम ज्या क्लोराइड-मार्गावर असतो, तो मार्ग सस्तन प्राण्यांत नाहीच. या चौघांना कीटक आणि माणूस यांत कमी-अधिक फरक कळतो. पाचवी बाटली प्रोफेनोफॉसची, पुष्कळदा सायपरमेथ्रिनसोबत मिसळलेली. तिला हा फरक जवळजवळ कळत नाही.

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट कुळातली विषे. दोन चेतापेशींमध्ये मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्यांत मोजावी अशी फट असते आणि ॲसिटिलकोलीनसारखे रसायन ती ओलांडून निरोप पोहोचवते. एवढे शाळेत शिकवतात. निरोप पोहोचल्याबरोबर तो पुसावाही लागतो, ही गोष्ट मात्र मागे राहते. मनमाडसारख्या जंक्शनच्या गावाला हे वेगळे सांगायला नको: पुढचा सेक्शन रिकामा झाल्याशिवाय गाडीला लाइन क्लियर मिळत नाही. चेतापेशींमधली फट रिकामी करण्याचे काम कोलिनेस्टरेज हे विकर करते. त्याचा एक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. ऑर्गनोफॉस्फेट या विकराच्या नेमक्या कामाच्या जागी चिकटते, आणि ती जागा फुलकिड्यात व माणसात जवळपास सारखीच आहे. मग जुना निरोप वाजतच राहतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ, घाम, उलट्या सुरू होतात, स्नायू फडफडतात, मेंदूत गोंधळ आणि झटके, शेवटी श्वास थांबतो. याच विकराला गोळीच्या मोजून दिलेल्या मात्रेने थोडे रोखले तर अल्झायमरच्या रुग्णाला काही काळ लाभ होतो. डोनेपेझिल हे औषध तेच करते. जर्मन रसायनतज्ज्ञ गेरहार्ड श्राडर 1936 मध्ये कीटकनाशक शोधत होता आणि त्याच्या हाती याच कुळातले टाबुन लागले, दोन वर्षांनी सारिन. ही दोन्ही पुढे युद्धातील विषारी वायू म्हणून कुप्रसिद्ध झाली. आपल्या शिवारातल्या बाटलीचे त्यांच्याशी असलेले नाते रासायनिक आहे, अतिशयोक्तीचे नव्हे.

‘संरक्षक किट वापरत नाहीत, मग दुसरे काय होणार?’ हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण ही विषे कातडीतूनही आत शिरतात. पाठीवरचा पंप गळत असेल आणि सदरा भिजलेला असेल तर नाकावरच्या रुमालाचा उपयोग नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकचा अंगरखा चढवून दिवसभर फवारणे कोणाला जमेल? ‘मात्रा थोडी असते’ हा दुसरा युक्तिवाद तर जास्त घातक आहे. विकराला लागलेले कुलूप काही काळाने पक्के होते. मग ‘पाम’ या उताऱ्याचे इंजेक्शनही ते उघडू शकत नाही, नवे विकर तयार होण्याचीच वाट पाहावी लागते. तांबड्या पेशींतल्या विकराची भरपाई नव्या पेशींबरोबर होते आणि त्या पेशींचे आयुष्य साधारण 120 दिवसांचे. आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी, मग तिसरी, असे चालले तर मजूर धडधाकट दिसत असतानाच त्याच्या विकराची पातळी उतरत जाते. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण एका वेळच्या तीव्र विषारीपणाचा आहे. ही साठत जाणारी तूट त्यात दिसत नाही.

ती दिसते रक्ताच्या तपासणीत. कॅलिफोर्नियात 1970 च्या दशकापासून नियम आहे: अशी विषे नियमित हाताळणाऱ्या कामगाराची कोलिनेस्टरेज पातळी आधी मोजून ठेवायची, तांबड्या पेशींतली पातळी मूळच्या 70 टक्क्यांवर आली की त्याला त्या कामावरून बाजूला करायचे आणि 80 टक्क्यांपर्यंत भरून आल्याशिवाय परत घ्यायचे नाही. ‘आधी’ हा त्यातला कळीचा भाग, कारण निरोगी माणसांतही ही पातळी माणसागणिक बरीच वेगळी असते. आजारी पडल्यावर केलेली एकच तपासणी ‘नॉर्मल’ येऊन फसवू शकते. केंद्राने 2023 मध्ये मोनोक्रोटोफॉसच्या नेहमीच्या द्रावणाला टप्प्याटप्प्याने निरोप द्यायचे ठरवले, ते योग्यच झाले, पण त्याच कुळातली इतर औषधे बाजारात आहेत आणि पिकाच्या गरजेपोटी काही काळ राहतीलही. म्हणून मे महिन्यातच, पहिला पंप भरण्यापूर्वी, मनमाडसारख्या ठिकाणच्या उपजिल्हा रुग्णालयात फवारणी करणाऱ्या मजुरांचे रक्त तपासून नोंद ठेवावी आणि हंगामाच्या मध्यावर ते पुन्हा तपासावे. खर्चाचा प्रश्न कोणी काढेल, तर विषबाधा झालेल्या एका माणसाचे अतिदक्षता विभागातले व्हेंटिलेटरवरचे दिवस आणि अशा किती तपासण्या, हा हिशेब जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने एकदा मांडावा.